सत्तरीनंतर हरणासाठी बंदूक कोणती घ्यावी?

प्रश्न थोडक्यात असा. विचारणारे गृहस्थ 72 वर्षांचे, मूळचे सांगलीकडचे, गेली चाळीसेक वर्षं मिशिगनमध्ये. राहतात ॲन आर्बरजवळ आणि दर 15 नोव्हेंबरला जॅक्सन काउंटीत एका मित्राच्या शेतावर हरणासाठी बसतात. हातात 12 गेजची (गेज म्हणजे नळीच्या रुंदीचं माप, आकडा मोठा तेवढी नळी बारीक) जुनी पंप शॉटगन, त्यात स्लग, म्हणजे छर्ऱ्यांऐवजी एकच मोठी गोळी. दोन वर्षांपूर्वी उजव्या खांद्याच्या रोटेटर कफची, म्हणजे सांधा धरून ठेवणाऱ्या स्नायूंची, शस्त्रक्रिया झाली. मुलगा म्हणतो, बाबा आता पुरे. शिकारीचे सोबती म्हणतात, .30-06 घ्या, हरणाची खरी रायफल तीच. दुकानदाराने सहा पाउंडांची एक हलकी रायफल हातात दिली आणि म्हणाला, वयाला हीच झेपेल. बजेट दुर्बिणीसकट हजार डॉलरच्या आत. खांदा शाबूत राहील आणि हरीणही तडफडत राहणार नाही, अशी कोणती, असं त्यांनी विचारलंय.

नमस्कार. मी स्वतः चौसष्टचा आहे. अठरा वर्षं हंटर सेफ्टीच्या वर्गात स्वयंसेवक म्हणून शिकवतोय आणि त्याआधीची नोकरी सगळी गाड्यांच्या सस्पेन्शनमध्ये गेली. धक्का कसा गिळायचा हाच धंदा होता म्हणा ना. त्यामुळे उत्तर जरा लांबेल.

आधी सोबत्यांचा सल्ला बाजूला ठेवू, कारण तो तुमच्या जागी कायद्यातच बसत नाही. मिशिगनच्या खालच्या द्वीपकल्पाचा दक्षिण भाग, साधारण मस्केगॉनपासून सॅगिनॉ उपसागरापर्यंत जी रेघ जाते तिच्या खालचा, हा मर्यादित बंदुकीचा पट्टा आहे. जॅक्सन त्यात येतं. तिथे हरणाच्या बंदूक-हंगामात शॉटगन चालते, मझललोडर (नळीच्या तोंडातून दारू भरायची बंदूक) चालते, आणि रायफल चालते ती फक्त सरळ भिंतीच्या काडतुसाची: व्यास .35 इंच किंवा जास्त, केसची, म्हणजे काडतुसाच्या धातूच्या नळकांड्याची, लांबी 1.16 ते 1.80 इंच. .30-06 चं काडतूस बाटलीसारखं, मानेपाशी निमुळतं. ते त्या पट्ट्यात बसत नाही. .243 नाही, .308 नाही, 6.5 क्रीडमूरही नाही. सोबती बहुधा ग्रेलिंगकडे, वर उत्तरेला जाणारे असावेत. तिकडे हे सगळं चालतं. नियमपुस्तक दर वर्षी नव्याने निघतं, खरेदीच्या आधी यंदाचं उघडून बघा.

आता दुकानदाराचा सल्ला. तो तर उलटाच आहे. बंदूक हलकी म्हणजे दणका हलका असं वाटतं खरं, पण हिशेब साधा आहे. गोळी आणि तिच्या मागचा जळालेला दारूचा वायू जेवढ्या रेट्याने पुढे जातात तेवढाच रेटा बंदुकीला मागे मिळतो. बंदूक जड असेल तर ती त्या रेट्याने हळू मागे येते, हलकी असेल तर सपकन येते. 180 ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) गोळी घातलेली .30-06 आठ पाउंडांची असेल तर खांद्यावर साधारण 22 फूट-पाउंड (दणक्याच्या ऊर्जेचं माप) येतात. तीच साडेसहा पाउंडांची केली की 27. गोळी तीच, दारू तीच. दीड पाउंड वाचवला आणि पाच फूट-पाउंड पदरात पडले.

तुमच्यासाठी मी संध्याकाळी वहीत सगळ्यांची आकडेमोड केली, सगळ्या बंदुका आठ पाउंडांच्या धरून. तुमच्या 12 गेजचा एक औंसाचा नेहमीचा स्लग: 30 च्या आसपास. .450 बुशमास्टर, जी तुमच्या पट्ट्यात चालते आणि दुकानात हौसेने दाखवली जाते: 21, म्हणजे .30-06 ची सख्खी बहीण. 7 एमएम-08 ला 14, 6.5 क्रीडमूरला 13, .30-30 ला 10 ते 11, .243 ला 9. आणि .350 लेजंडला 8. काडतूस कुठलं, गोळी किती ग्रेनची, यावर एखाद-दुसरा आकडा इकडेतिकडे होईल, पण पायऱ्या ह्याच राहतील.

म्हणजे गेली कित्येक वर्षं तुम्ही त्या यादीतलं सगळ्यात वरचं सोसत होतात. आणि पंप शॉटगन आठ पाउंडांचीही नसते बहुतेक वेळा. खांद्याने उगाच तक्रार केली नाही.

पण खांदा दुखणं हा खरं म्हणजे दुय्यम मुद्दा आहे. हंगामात बंदूक उडते एकदा, फार तर दोनदा. त्या क्षणी हरीण समोर असतं, रक्त उसळलेलं असतं, दणका कुणाला कळतही नाही. दणक्याचं नुकसान आधीच होऊन गेलेलं असतं. सुतळी बाँबची वात पेटवताना आपण हात लांब करतो, मान मागे वळवतो, डोळे बारीक करतो, आठवतंय? बाँब अजून फुटलेला नसतो, तरी. बंदुकीचं तसंच. शरीराला एकदा कळलं की चाप ओढला की लागतं, मग ते चाप ओढायच्या आधीच आखडतं. इथे त्याला फ्लिंच म्हणतात. मी वर्गात दचक म्हणतो.

ती माणसाला स्वतःला दिसत नाही, ही तिची खुबी. मागच्या जुलैत एक जण रेंजवर आले होते, साधारण तुमच्याच वयाचे, चाळीस वर्षं शिकार केलेले. म्हणाले, दुर्बीण बिघडली आहे, गोळ्या खाली पडतात. मी म्हटलं, बंदूक मी भरून देतो, तुम्ही फक्त उडवा. दोन खरी काडतुसं, तिसरं रिकामं, म्हणजे आतून दारू नसलेलं नकली. त्यांना माहीत नाही कुठलं कधी येणार. पहिली गोळी, दुसरी गोळी, आणि तिसऱ्याला नुसतं टिक् झालं. नळीचं तोंड मात्र दोन-तीन इंच खाली गेलं, उजवा खांदा पुढे आला आणि डोळे घट्ट मिटलेले. आवाजच नव्हता, त्यामुळे सगळं उघडं पडलं. त्यांनी बंदूक टेबलावर ठेवली, टोपी काढली, आणि थोड्या वेळाने विचारलं, "हे कधीपासून होतंय?" दुर्बीण ठणठणीत होती.

मी हे दुसऱ्यांचं सांगतोय, पण शिकलो स्वतःवर. 2011 साली माझ्याकडेही 12 गेजच होती. संध्याकाळी पाच वाजता, साठ यार्डांवर एक मादी आडवी उभी. सोपा नेम. दचकलो आणि स्लग खाली, पुढच्या पायात. त्या रात्री नऊ वाजेपर्यंत टॉर्च घेऊन रक्ताचे ठिपके शोधत फिरलो, सुकलेल्या पानांवर एक ठिपका, मग वीस पावलं काही नाही. सकाळी सापडली तेव्हा कोयोटे, इथले कोल्ह्यासारखे प्राणी, येऊन गेले होते. पुढच्या हंगामाआधी मी ती शॉटगन विकली.

म्हणून माझी कसोटी एकच असते. उन्हाळ्यात एका दुपारी ज्या बंदुकीतून तुम्ही आनंदाने वीस गोळ्या उडवाल आणि "अजून पाच?" असं स्वतःच विचाराल, ती तुमची बंदूक.

जॅक्सनसाठी त्या कसोटीला .350 लेजंड उतरते. विंचेस्टरने 2019 मध्ये हे काडतूस आणलं ते आपल्या मिशिगनसारख्या राज्यांतले नियम डोळ्यांसमोर ठेवूनच. केस 1.71 इंच, सरळ भिंत, नियमात चपखल. 150 ग्रेनची गोळी सेकंदाला 2325 फुटांच्या वेगाने निघते, तोंडापाशी 1800 फूट-पाउंड ऊर्जा. ज्या .30-30 ने इथल्या लोकांच्या आज्या-पणज्यांनी हरणं मारली तिच्यापेक्षा जराशीच कमी. शंभर यार्डांवर नेम बांधला तर दीडशेवर गोळी तीनेक इंच खाली येते. माझी स्वतःची मर्यादा मी दीडशे ठेवली आहे. तुमच्या मित्राच्या शेतावर मक्याच्या कडेला किंवा ओकच्या रानात बसत असाल तर शंभराच्या पुढे दिसतंच काय?

आक्षेप येतो की हे काडतूस लहान आहे, .450 च बरी. हे बोलणारे बहुधा पस्तिशीचे असतात. व्हाइटटेल, म्हणजे इथलं पांढऱ्या शेपटीचं हरीण, म्हणजे गवा नव्हे. छातीच्या पोकळीत, पुढच्या पायाच्या मागे, खालून एक तृतीयांश उंचीवर फुगणारी गोळी गेली की दोन्ही फुप्फुसं जातात आणि हरीण पन्नास-शंभर यार्डांत कोसळतं. .450 तेच काम करते, फक्त तुमच्या खांद्याकडून अडीच पट भाडं घेते. पोटात गेलेली .450 ची गोळी फुप्फुसात गेलेल्या .350 पेक्षा वाईटच. पेटी घेताना मात्र हरणासाठीची फुगणारी गोळी आहे ना ते बघा. स्वस्तातली फुल मेटल जॅकेट, म्हणजे धातूने मढवलेली, न फुगणारी गोळी, सरावाला ठीक, हरणाला अजिबात नाही.

मॉडेलचं म्हणाल तर रुगर अमेरिकन रँच, विंचेस्टर एक्सपीआर, सॅव्हेज ॲक्सिस ह्या तिन्ही बोल्ट रायफली (दर गोळीनंतर हाताने खटका मागेपुढे करायच्या) ह्या काडतुसात मिळतात आणि पाचशे-सातशे डॉलरच्या आसपास बसतात. रँच आखूड, सोळा इंची नळीची, झाडीत वळवायला सोपी, पण आखूड नळीचा आवाज कानात जास्त घुसतो आणि बंदूक मुळात हलकी आहे. मी तुम्हाला त्यातल्या त्यात लांब नळीची, थोडी जड घ्यायला सांगेन. तुम्ही चालत शिकार करत नाही, ब्लाइंडमध्ये, म्हणजे लपायच्या आडोशात, खुर्चीवर बसता. बंदूक गाडीपासून खुर्चीपर्यंत न्यायची, एवढंच. मग वजनाला का घाबरायचं? दुर्बीण आणि पट्ट्यासकट आठ पाउंड भरली तर उत्तम. कमी भरली तर दस्त्याच्या पोकळीत वजन भरता येतं, बरेच जण तसं करतात. मात्र आधी घरी वजनकाट्यावर ठेवून बघा, दोन-दोन मिनिटं हातात धरून बघा. शस्त्रक्रियेचा खांदा उचलण्यालाही कुरकुरतो, फक्त दणक्यालाच नाही.

एकनळी, मोडून भरायची बंदूकही मिळते, हेन्री किंवा सीव्हीएची, आणि ती स्वस्त आहे. पण तिचा घोडा अंगठ्याने मागे ओढावा लागतो. नोव्हेंबरात, हातमोजे घालून, संधिवाताच्या अंगठ्याने. तोच प्रश्न .44 मॅग्नमच्या लिव्हर रायफलींना. हाताळायला त्या सुरेख असतात, मला फार आवडतात, पण अर्धवट ओढलेला घोडा अंगठ्यातून निसटला तर काय होतं ते सांगायला नको. दुकानात एकदा जाड मोजे घालून घोडा दहा वेळा सावकाश खाली उतरवून बघा, बंदूक रिकामी असल्याची खात्री करून. जमलं तर विचार करा.

एआर धाटणीची, म्हणजे लष्करी रायफलीसारखी दिसणारी अर्धस्वयंचलितही .350 मध्ये मिळते. तिच्यात मागे येणारा बोल्ट आणि स्प्रिंग दणका थोडा लांबवतात, म्हणून तो ठोसा न वाटता ढकलल्यासारखा वाटतो. दस्ता आखूड-लांब होतो, हा खरा फायदा. मला स्वतःला ती रानात बघवत नाही, पण ही माझी खोड आहे, तिचा दोष नाही.

नवी बंदूक घ्यायचीच नसेल तर जुन्या 12 गेजमध्ये कमी दणक्याचे स्लग घाला, सेकंदाला 1300 फूट वेगाचे. आठ पाउंडांच्या बंदुकीत 30 चे 19 होतात. पन्नास-साठ यार्डांपर्यंत हरीण व्यवस्थित पडतं. पण 19 म्हणजे काही थोडं नव्हे. 20 गेज अर्धस्वयंचलित हा मधला रस्ता, आणि तो वाईट नाही. .410 चा स्लग मात्र सोडून द्या. दणका जवळजवळ नाही हे खरं, पण हरणासाठी तो अगदीच तुटपुंजा, आणि सोसायचं हरणाला.

आता मापाबद्दल, कारण इथे लोक पैसे न लावता सगळ्यात जास्त मिळवू शकतात. दुकानातली रायफल साधारण साडेतेरा ते पावणेचौदा इंच लांबीच्या दस्त्याची असते, चापापासून मागच्या टोकापर्यंत. ती बनवलेली असते इथल्या सरासरी पुरुषाच्या मापाने. आपण मराठी माणसं साडेपाच-पावणेसहा फुटांची. त्यात वर जाड कोट. कोटाने अर्धा-पाऊण इंच खाल्ला की दस्ता खांद्याच्या खोबणीत न बसता बाहेर, दंडाच्या सांध्यावर टेकतो. तुमच्या शस्त्रक्रियेची जागा नेमकी तिथेच आहे. आणि दुर्बिणीत नीट दिसावं म्हणून मान पुढे ताणावी लागते. बंदूकदुरुस्तीवाला दस्ता एक इंच कापून त्यावर चांगला मऊ रबरी पॅड बसवून देतो. पॅचमायर डिसेलरेटर किंवा लिंबसेव्हर, दोन्ही चालतात. गाडीच्या भाषेत सांगायचं तर पॅड धक्क्याची ऊर्जा फारशी कमी करत नाही, तो तीच ऊर्जा जास्त वेळात आणि जास्त जागेवर पसरवतो. हाडाला फरक तेवढ्यानेच पडतो. सराव करताना अंगावर घालायची पॅडची पट्टी वेगळी मिळते, तीही घ्या. तिने लांबी पुन्हा वाढते, हे तेवढं लक्षात ठेवा.

नळीच्या तोंडाला लावायचा ब्रेक दणका खरोखर कमी करतो, पण वायू बाजूंना फेकल्यामुळे आवाज भयंकर वाढतो. रायफलीचा आवाज मुळातच 160 डेसिबलच्या घरात असतो. सत्तरीत कान जे काही उरलेत ते असे घालवू नका. सायलेन्सर, ज्याला इथे सप्रेसर म्हणतात, तो आवाजही कमी करतो आणि दणकाही, वर नळीला वजन मिळतं. मिशिगनमध्ये शिकारीला तो चालतो. त्यावरचा 200 डॉलरचा संघीय कर 1 जानेवारी 2026 पासून शून्य झाला, पण नोंदणी आणि मंजुरी घ्यावीच लागते आणि वस्तू स्वस्त नाही. .350 ला त्याची गरज नाही. कानांवर घालायचे इलेक्ट्रॉनिक मफ्स घ्या, मोठा आवाज दाबतात आणि पानांतली सळसळ वाढवून ऐकवतात. रेंजवर आत इअरप्लगही घाला. दचकीचा निम्मा भाग आवाजाचा असतो, खांद्याचा नाही. हे मी बऱ्याच जणांत पाहिलंय: कान नीट झाकले की तीच बंदूक "हलकी" वाटायला लागते.

दुर्बिणीबद्दल दोन गोष्टी. तुमच्या जुन्या शॉटगनवर नुसती माशी (नेम धरायला नळीच्या टोकावर असते ती खूण) असेल तर आता ती, मागची खाच आणि हरीण अशा तिन्हींवर एकाच वेळी डोळा बसत नसेल. बसणारच नाही, डोळ्याच्या भिंगाची लवचीकता गेलेली असते. म्हणून दुर्बीण हवीच, पण मोठी नको. 2-7 किंवा 3-9 पटीची पुरे. हरीण बहुधा उजाडताना किंवा मावळताना येतं. तरुणपणी अंधारात डोळ्याची बाहुली 7 मिलिमीटरपर्यंत उघडते, आपल्या वयात 5 च्या आसपास. 40 मिलिमीटरची दुर्बीण 9 पटीवर ठेवली तर त्यातून बाहेर पडणारा प्रकाशाचा झोत 4.4 मिलिमीटरचा, 4 पटीवर ठेवली तर 10 चा. म्हणजे कमी पटीवर चित्र उजळ दिसतं आणि डोळा जरा इकडेतिकडे झाला तरी काळोख होत नाही. बसल्याबसल्या ती 3-4 वर फिरवून ठेवा आणि विसरून जा. दुर्बीण आणि डोळा यांत साडेतीन-चार इंच अंतर राहील अशीच बसवून घ्या, आणि बसवताना अंगात कोट असू द्या.

चाप हलका आणि स्वच्छ सुटणारा हवा. सॅव्हेजचा ॲक्यूट्रिगर किंवा रुगरचा मार्क्समन चाप घरच्या घरी हलका करता येतो. सहा पाउंडांचा रखडणारा चाप ओढताना माणूस जोर लावतो, जोर लावला की दचक येते.

डॉक्टरांना "शिकारीला जाऊ का" असं विचारू नका. ते नाही म्हणतील किंवा हसून हो म्हणतील, दोन्ही निरुपयोगी. सर्जनला सांगा की उजव्या खांद्याच्या खोबणीत एका दिवसात पंधरा-वीस ठोसे बसणार आहेत, चालेल का, आणि कधीपासून. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर तेही सांगा, साध्या दणक्याने छातीपर्यंत काळंनिळं होतं. पेसमेकर असेल आणि तो बंदुकीच्याच बाजूला असेल तर हृदयवाल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही गोळी नको. डोळ्याच्या पडद्याची शस्त्रक्रिया झाली असेल तर तसंच. उजवा खांदा नाहीच म्हणाले तर डाव्याने शिकता येतं, पण आधी तुमचा जोरकस डोळा कोणता ते बघा: दोन्ही तळहातांची खिडकी करून लांबचं घड्याळ बघा, एकेक डोळा मिटा, ज्याने घड्याळ खिडकीतच राहतं तो. डावा निघाला तर मी म्हणेन दैवाने साथ दिली. डाव्या हाताच्या बोल्ट रायफलीही मिळतात.

मुलाचं म्हणणं मी उडवून लावणार नाही. भारतातून आलेल्यांना शिकार म्हटलं की आधी खटकतं, आणि वन्यजीव संरक्षण कायद्याने तिथे ती बंद झाली हे बरंच झालं. मिशिगनची गोष्ट वेगळी, इथे वर्षाला पन्नास हजारांवर गाड्या हरणांना धडकतात. पण मुलाची काळजी बंदुकीची असेल तर ती चुकीच्या जागी आहे. ह्या वयात जीव जातो तो पडलेलं हरीण ओढताना. साठ-सत्तर किलोचं धूड, ओल्या पानांतून, थंडीत, जाड कपड्यांत, छातीत धडधड चालू असताना. प्लॅस्टिकची घसरगाडी घ्या, आणि मुलाला म्हणा की पाडायचं काम माझं, ओढायचं तुझं. बरेच मुलगे या सौद्यावर गप्प होतात. आणि झाडावरच्या मचाणावर चढणं बंद. जमिनीवरचा ब्लाइंड.

कधी सोबत्यांबरोबर उत्तरेला गेलातच तर .350 तिकडेही चालते. तरी वेगळी हवीशी वाटली तर .243, 100 ग्रेनची गोळी किंवा 80 ग्रेनची तांब्याची, आणि दीडशे-दोनशे यार्डांच्या आत. 7 एमएम-08 नेमातली चूक तिच्यापेक्षा जास्त माफ करणारी, पण 14 फूट-पाउंड मागणारी. सोबत्यापैकी कुणी जुनी .30-06 फुकट देत असेल तर नाही म्हणू नका, तिच्यासाठी 125 ग्रेनची हलकी काडतुसं मिळतात, हॉर्नाडीची कस्टम लाइट म्हणून. 22 चे साधारण 12 होतात.

सरावाचं वेळापत्रक: मार्च-एप्रिलपासून .22 ची रायफल, आठवड्यातून एकदा, पन्नास गोळ्या. दणका शून्य, आवाज नाममात्र. दचक बसायला जशी सवय लागते तशी जायलाही लागते. घरी रोज दहा वेळा नकली काडतूस घालून भिंतीवरच्या ठिपक्यावर चाप ओढा, खरी काडतुसं दुसऱ्या खोलीत कुलपात ठेवून. नळी हलली नाही पाहिजे. जूनपासून .350, एका वेळी दहाच. अकरावी उडवावीशी वाटली तरी नाही. आणि शक्यतो उभ्याने काठ्यांच्या आधाराने किंवा खुर्चीवरून, जसे ब्लाइंडमध्ये बसाल तसे. रेंजच्या टेबलावर पुढे वाकून उडवली की शरीर मागे झुलत नाही आणि सगळा दणका खांद्यात जिरतो. टेबलावर फक्त दुर्बीण जुळवायची, पाच-सहा गोळ्यांत.

पैसे देण्याआधी एकदा उडवून बघा. माझ्याकडे .350 आहे आणि पॅड बसवलेली 20 गेजही. जुलैत शनिवारी सकाळी मी रेंजवर असतो, दोन्ही आणून ठेवतो. दोन खरी आणि एक नकली, भरून मीच देईन. येताना तुमचा नोव्हेंबरचा जाड कोट घेऊन या, बाहेर नव्वद डिग्री फॅरनहाइट असलं तरी.